कानांसाठीच रचलेल्या गोष्टी

कोल्हापूर ते गारगोटी हा एसटीचा दीड तासाचा प्रवास मी नोकरीनिमित्त रोज करते आणि गेली काही वर्षे या प्रवासात मला पॉडकास्टची सोबत आहे. मराठीत आज पॉडकास्ट म्हटले की दोन खुर्च्या, दोन माइक आणि तासभर रंगलेल्या गप्पा डोळ्यांसमोर येतात. त्या गप्पा मीही आवडीने ऐकते. परंतु याच माध्यमात दुसरा एक प्रकार आहे, ज्यात गोष्ट आधी शोधली जाते, महिनोन्महिने तिचे ध्वनिमुद्रण चालते आणि मग बोलणे, संगीत व शांतता यांतून ती कीर्तनातल्या आख्यानासारखी लावली जाते. या प्रकाराकडे आपल्याकडे फारसे कोणी वळत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

या प्रकारातल्या इंग्रजी पॉडकास्टपैकी सर्वांत आधी ऐकावा तो २०१७ साली आलेला 'एस-टाउन'. ब्रायन रीड हा पत्रकार त्याचा निवेदक असून सातही भाग एकाच वेळी प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या एका लहान गावात जुनी घड्याळे दुरुस्त करणारा एक विक्षिप्त, विलक्षण बुद्धिमान गृहस्थ राहतो. गावात झालेला खून दडपला गेला आहे, असे तो या पत्रकाराला कळवतो आणि शोध सुरू होतो. मात्र थोड्याच वेळात खुनाची गोष्ट मागे पडते आणि तो गृहस्थच कथेचा विषय होतो. जुन्या घड्याळाची माहितीपुस्तिका नसते, त्यामुळे आधीच्या कारागिरांनी आत सोडलेल्या खुणा, छिद्रे आणि डाग वाचतच दुरुस्ती करावी लागते, हे पहिल्याच भागात सांगितले आहे. ते ऐकून महिनाही झाला नसेल, तोच आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ घेऊन मी महाद्वार रोडजवळच्या एका कारागिरांकडे गेले. त्यांनी मागची फळी काढली, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि पितळी पत्र्यावर सुईने कोरलेल्या दोन तारखा मला दाखवल्या. शेजारी एक रिकामे छिद्र होते. "इथं कायतरी बसवलं हुतं, मग कुणीतरी काढलंय," एवढेच ते म्हणाले. घरी येताच मी तो भाग पुन्हा लावला. या मालिकेवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे, तो म्हणजे एका माणसाचे खासगी आयुष्य जगासमोर इतके उघडे करावे का. मला तो आक्षेप योग्य वाटतो. तरीही ही मालिका ऐकावी, असेच मी म्हणेन, कारण तो प्रश्न ऐकणाऱ्याच्याही मनात राहतो.

'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' हा इयन चिलाग यांचा २०१८ पासूनचा कार्यक्रम आपल्याला परका वाटणार नाही. शाळेत आपण सर्वांनी फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहिले आहे. इथे निर्जीव वस्तूंची मुलाखत घेतली जाते आणि पहिल्या भागात चक्क कोलाचा एक डबा बोलतो. वस्तूच्या वतीने बोलणारा कलाकार उत्स्फूर्तपणे बोलत असला, तरी ती वस्तू सांगते ती माहिती खरी असते. आपल्याकडे गुऱ्हाळातली काहील अशी बोलती झाली, तर तिच्याजवळ सांगण्यासारखे किती असेल!

हृषिकेश हिरवे यांचा 'साँग एक्स्प्लोडर' २०१४ पासून सुरू आहे. त्यात संगीतकार एकाच गाण्याचे पदर सुटे करून दाखवतो, आधी फक्त ताल, मग एखादे वाद्य, मग आवाज, आणि शेवटी पूर्ण गाणे वाजते. मुलाखतकाराचे प्रश्न जवळजवळ सगळे कापलेले असतात. देवल क्लब या संगीतसंस्थेच्या गावात, कोल्हापुरात वाढलेल्या श्रोत्यांना हे ऐकताना काय वाटेल, हे मला जाणून घ्यायचे आहे.

इमारती आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेविषयी रोमन मार्स यांचा '९९ पर्सेंट इन्व्हिजिबल' २०१० पासून बोलत आला आहे. न्यूयॉर्कमधील एकोणसाठ मजली सिटीकॉर्प इमारतीवरचा भाग मी तीनदा ऐकला. तिरप्या वाऱ्यात ती इमारत कोसळू शकते, हे ध्यानात आल्यावर १९७८ साली कोणाला कळू न देता रात्री-रात्री आतले सांधे वेल्डिंग करून पक्के करण्यात आले आणि लोकांना ते १९९५ मध्ये समजले. तो ऐकताना मला कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आठवत राहिले. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तेव्हा आपण सर्वांनी ज्वाळांची चित्रे पाहिली. पण तिथे आयुष्यभर पडदा ओढणाऱ्यांचे, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यांचे आवाज कोणी नीट मुद्रित करून त्यांची गोष्ट रचली आहे का? ती झाली पाहिजे, आणि कोल्हापुरातल्याच कोणीतरी केली पाहिजे.

इंग्रजी उच्चारांची अडचण येणाऱ्यांनी वेग थोडा कमी करावा. '९९ पर्सेंट इन्व्हिजिबल'च्या भागांची लिखित संहिता त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते, त्यामुळे ऐकण्याआधी ती एकदा डोळ्यांखालून घालता येते. 'एस-टाउन' मात्र न वाचता, पहिल्या भागापासून क्रमानेच ऐकावा, आणि तोही हेडफोन लावून.