ऋण आकडे म्हणजे ऋण सहसंबंध नव्हे

विलेपार्ल्याला राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, सोडवलेली गणितं खोडू का?’ अकरावी वाणिज्यच्या मुलांमध्ये फिरणाऱ्या या संदेशाचे म्हणणे असे, की आकड्यांतून एखादी संख्या वजा करून आणि मग भागून ‘कोडिंग’ केले की सरासरी व प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) निकामी होतात. संदेशाच्या मते, कोडिंगनंतर आकडे ऋण आले तर सहसंबंधही, म्हणजे दोन गोष्टी सोबत वाढतात की एक वाढली की दुसरी घटते हे सांगणारे नातेही, ऋण होतो. आणि मुळात हा सगळा प्रकार म्हणजे आकड्यांची फिरवाफिरवी आहे. माझे उत्तर जाईपर्यंत तिने दोन उत्तरे खोडलेली होती. दोन्ही बरोबर होती.

सर्वांत हास्यास्पद दावा ऋण आकड्यांचा आहे, म्हणून तो आधी घेतो. समजा, बोरिवलीहून चर्चगेटला पोहोचायला पाच दिवसांत 52, 55, 58, 61 आणि 64 मिनिटे लागली आणि त्या दिवशी कार्यालयात अनुक्रमे 3, 1, 5, 7 आणि 4 मिनिटे उशीर झाला. प्रवासाच्या आकड्यांतून 58 वजा करून 3 ने भागले, तर −2, −1, 0, 1, 2 उरतात. सहसंबंध मोजणारी संख्या, म्हणजे सहसंबंध गुणांक, आधी 0.57 येतो आणि नंतरही 0.57 च येतो. 58 ऐवजी 100 वजा करून पाचही आकडे ऋण केले, तरी त्यात फरक पडत नाही, कारण हा गुणांक काढण्याच्या संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या सूत्रात मूळ आकडे नव्हे, तर त्यांचे स्वतःच्या मध्यापासूनचे (सरासरीपासूनचे) अंतर वापरले जाते. आणि 3 ने भागल्यामुळे अंश जितका लहान होतो तितकाच छेदही. कुलाबा आणि सांताक्रूझ येथील तापमाने सेल्सिअसऐवजी फॅरनहाइटमध्ये लिहिली, म्हणून त्यांचे नाते बदलेल का?

सरासरी बदलते, हे खरे. पण ती परत मिळवता येते. वरच्या कोड केलेल्या आकड्यांचा मध्य 0 आहे. त्याला 3 ने गुणून 58 मिळवले की मूळ मध्य 58 हाती येतो. दहावीच्या बीजगणितात गृहीतमध्य पद्धत म्हणून हेच शिकवतात, तेव्हा संदेश लिहिणाऱ्याने ते पुस्तक एकदा उघडावे. घरातले घड्याळ पाच मिनिटे पुढे लावले म्हणून दोन गाड्यांमधले अंतर वाढत नाही, तसेच नुसत्या वजाबाकीने प्रमाण विचलन हलत नाही. भागाकाराने मात्र ते लहान होते: इथे 4.24 चे 1.41 झाले, आणि 3 ने गुणले की पुन्हा 4.24.

फिरवाफिरवीच्या आरोपात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दोनपैकी एकाच चलाला (बदलत्या राशीला, जसे प्रवासाची मिनिटे) ऋण संख्येने गुणले किंवा भागले, तर सहसंबंधाचे चिन्ह उलटते. शिवाय पश्चिम, मध्य आणि हार्बर या मार्गांना 1, 2, 3 असे क्रमांक देऊन त्यांचा उशिराशी सहसंबंध काढला, तर क्रमांकांची अदलाबदल करून उत्तर हवे तसे वळवता येते, कारण ते क्रमांक मोजमाप नसून नुसती नावे आहेत. पण या मार्गांचा त्या संदेशात उल्लेखही नाही. तिथे सारा राग एखादी संख्या वजा करून भागण्यावर आहे.