तीन कोटींचा एक्स

आमची लेक सेमी-इंग्लिशला आहे. म्हणजे इतिहास-भूगोल मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बापाची फजिती दोन्ही भाषांत. रविवारी सकाळी ती नववीची वही घेऊन आली. "बाबा, पॉलिनॉमियल कशाला म्हणायचं?"

मी पेपर खाली ठेवला. असे मानाचे प्रसंग आमच्या घरी वरचेवर येत नाहीत.

"बहुपदी! बहु म्हणजे पुष्कळ, पद म्हणजे पद. मराठीत नावातच सगळं सांगून ठेवलेलं असतं. तुमचा पॉलिनॉमियल बघ, अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन."

"म्हणजे तोही सेमीच. मग नुसता ५ पॉलिनॉमियल आहे का?"

"छे! एकच तर पद आहे. अधिक-उणे करून जोडलेलं दुसरं आहे कुठे?"

तिनं पुस्तक पुढे सरकवलं. आहे म्हणे. स्थिर बहुपदी म्हणतात त्याला. एकपदी, द्विपदी, त्रिपदी सगळ्या बहुपदीच. एकट्याला 'बहु' म्हणायचं ही कुठली रीत, असं मी तणतणत होतो, तेवढ्यात समोर वाटाणे सोलत बसलेली बायको मान वर न करता म्हणाली, "एका दाण्याची शेंग ही शेंग नसते का?"

नसते कशी, असते. पुढचं उदाहरण आलं: वर्गमुळात २, गुणिले एक्स. मूळ दिसलं की बाद, हे मला पक्कं ठाऊक होतं. "बाद!" मी म्हणालो. लेक शांतपणे म्हणाली, "मूळ दोनावर आहे बाबा, एक्सवर नाही."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही लोकलमुळेच. टीसी तुमच्या पिशवीत सुरमई आहे की ढोकळा, हे विचारत नाही. पास बघतो. तसा सहगुणक, म्हणजे एक्सला गुणणारा आकडा, कसलाही असो, उणे, अपूर्णांक, पाय (π), वर्गमूळ, कुणी हात लावत नाही. बघायचा तो एक्सच्या डोक्यावरचा घातांक. तो ०, १, २, ३ असा पूर्ण संख्येतला हवा. एक्सचं वर्गमूळ म्हणजे घातांक अर्धा, उतरा खाली. १ भागिले एक्स म्हणजे घातांक उणे १, तुम्हीही उतरा. शिवाय पदं कुठेतरी संपायला हवीत. एक चालतं, हजार चालतात, न संपणारी चालत नाहीत. 'बहु'चा एवढा कडक अर्थ आम्हाला शाळेत कुणी सांगितला असता, तर मी बँकेत नसतो.

"आणि डिग्रीला मराठीत काय?"

"कोटी. सगळ्यांत मोठा घातांक. एक्सचा घन अधिक दोन एक्स, कोटी तीन."

"तीन कोटी?" बायकोनं आता मान वर केली. "मुलुंडला की दादरला?"

ही कोटी करून ती स्वतःच हसली. लेकीला 'कोटी'चा हा तिसरा अर्थ समजावण्यात पाव तास गेला. तो परीक्षेला नाही.

घोळ झाला तो शेवटच्या गणितात. वर्गमुळात एक्सचा वर्ग. मी ऐटीत सांगितलं, वर्ग आणि मूळ कटले, उरला एक्स, बहुपदी. लेक म्हणाली, "बाईंना विचारते." हे मला लागलं. सोमवारी स्लो गाडीत ग्रुपपुढे पेपरच्या कडेला लिहूनच दाखवलं. भांडुपपासून कुर्ल्यापर्यंत तुंबळ झालं. खिडकीतले काका कटले म्हणत होते. तिघांच्या बाकावर चौथे म्हणून अर्धे टेकलेले, म्हणजे घातांक अर्धा, त्यांना मात्र काहीतरी खटकत होतं. शीव आलं तशी हँडलला लोंबकळणाऱ्या एका कॉलेजच्या पोरानं कानातलं एक बोंडूक काढलं.

"काका, एक्सला उणे ३ ठेवा."

ठेवलं. वर्ग ९, त्याचं मूळ ३. आत गेला उणे तीन आणि बाहेर आला तीन.

"ते एक्सचं केवलमूल्य आहे, उणे चिन्ह सोडून उरतं ते. बहुपदी नाही." बोंडूक परत कानात. दादरला तो उतरला, आम्ही सगळे पुढे मशीद स्टेशनपर्यंत पेपर वाचत राहिलो.

संध्याकाळी लेकीला कबुली दिली. बाईंनीही तेच सांगितलं होतं. उरलेले वाटाणे सोलताना बायकोनं एक पोकळ शेंग उघडून माझ्यापुढे धरली. "आणि ही?"

"शून्य बहुपदी," लेक म्हणाली.

इथे मी मागे हटणार नव्हतो. "कोटी शून्य!"

"ती पाचाची, बाबा. शून्याची ठरवताच येत नाही. शून्य गुणिले एक्सचा पाचवा घात लिहा नाहीतर शंभरावा लिहा, सगळं शून्यच. मोठा घातांक कुठला धरणार?"

मी शेंग उचलली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.