भागाकार करून केमो थांबवू नका

रावेरच्या माझ्या मामाला लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे. दोन केमो झाल्या, तिसरी गुरुवारी. परवा मामीचा रडत फोन आला, "तुह्या मामाले नेऊ का नको?" केळीच्या पावतीमागे तिनं हिशोब केला होता : ०.९ भागिले ०.६, उत्तर १.५. नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज असा : "सीबीसीतल्या लिंफोसाइटला मोनोसाइटनं भागा. उत्तर दोनच्या खाली आलं तर रुग्ण वाचत नाही, केमो वाया. एलडीएच वाढलं म्हणजे रोग अंगभर. पपईच्या पानांचा रस द्या, पांढऱ्या पेशी वाढतील, आयुष्य वाढेल."

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिंफोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती, आणि एलडीएच हे पेशींतून रक्तात येणारं एन्झाइम. आधी भागाकार. निदानाच्या वेळी हे प्रमाण कमी असलेल्या गटात निकाल कमी चांगले दिसतात, असं काही अभ्यासांत आढळलंय. एवढं खरं, मान्य. पण ते उपचाराआधीच्या रक्तावर, आणि गटाबद्दल. मामीनं घेतलेला रिपोर्ट दुसऱ्या केमोनंतरचा! केमोसोबतचं रिटुक्सिमॅब हे औषध बी-लिंफोसाइटच मारतं, सोबतच्या स्टेरॉइडनंही लिंफोसाइट उतरतात. पेशी वाढवायच्या इंजेक्शननं मोनोसाइट चढतात. म्हणजे वरचा आकडा औषधानं घटवला, खालचा इंजेक्शननं वाढवला, आणि आलेल्या उत्तरावर माणसाचं मरण ठरवायचं?

"केमो वाया" हे तर जीव घेणारं वाक्य आहे. आक्रमक, म्हणजे वेगानं वाढणाऱ्या लिंफोमात रुग्णाचा धोका किती हे ठरवायला डॉक्टर आजही वापरतात तो निर्देशांक १९९३ साली आला, केमो घेतलेल्या २,०३१ रुग्णांवरून. त्यात पाच गोष्टी : वय, स्टेज, एलडीएच, रुग्णाचं हिंडणं-फिरणं, आणि लसिकाग्रंथींबाहेर किती ठिकाणी रोग आहे. मोनोसाइट त्यात नाहीच. सगळ्यात वाईट गटातलेही २६ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, तेही रिटुक्सिमॅब येण्याआधी. आणि हे आकडे उपचार घेतलेल्यांचे आहेत. त्यांच्यावरून उपचार बंद करा असं निघूच शकत नाही.

एलडीएच यकृताच्या आजारात वाढतं, रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढतं. रोग कुठवर गेलाय ते अंगभर रोग शोधणारा पेट (PET) स्कॅन सांगतो.

पपईच्या रसानं लिंफोमा बरा होतो याला पुरावा नाही. पेशी उतरलेल्या असताना घरी वाटलेला कच्चा रस पाजणं म्हणजे जंतुसंसर्गाला वाट करून देणं.

मामीला सांगितलं, पावती ठेव बाजूला, निदानाच्या वेळची फाइल काढ. गुरुवारी मी गाडी घेऊन येतोय.