शिडी आधी का वीज आधी?

काल टपरीवर पक्याने विषय काढला, गावाकडं शेतीची लाईट रात्रीची असते, म्हातारा बाप मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो, आणि सोलर पंप तर दिवसाच, तोही ऊन असेल तरच चालणार. मग अवकाशातून वीज आणायची ती आयडिया कुठं अडलीय?

मी म्हटलं आयडिया 1968 ची आहे, पीटर ग्लेझर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. भूस्थिर कक्षेत, म्हणजे जिथं उपग्रह पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या डोक्यावर राहतो तिथं, सोलर पॅनेल लावायचं, तिथं जवळजवळ वर्षभर ऊन, फक्त मार्च आणि सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास, रोज थोडा वेळ सावली, आणि वीज मायक्रोवेव्हने खाली. 2023 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाने छोट्या यंत्रातून अवकाशात वीज वायरशिवाय पाठवून दाखवली, त्याचा सिग्नल त्यांच्या गच्चीवर पकडला पण. अडलंय ते वजनावर. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन आराखड्यात 5 गिगावॅटसाठी 5 बाय 10 किलोमीटरचं पॅनेल होतं, वजन हजारो टनांत, आणि अख्खं आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन साधारण 420 टनाचं!

दाद्या लगेच, "म्हणून आधी शिडी बांधा, स्पेस एलिव्हेटर, जमिनीपासून अवकाशापर्यंत दोर ताणायचा आणि त्यावरून सामान वर चढवायचं, रॉकेटचा खर्चच संपला."

इथं खरी जुंपली. अरे दाद्या, दोर भूस्थिर कक्षेच्या, म्हणजे 35,786 किलोमीटरच्याही पुढं न्यायचा, आणि नेहमीची चांगली स्टीलची तार 50 किलोमीटरच्या आतच स्वतःच्या वजनाने तुटते. कार्बन नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये, तेवढी ताकद आहे पण आजवर बनवलेली लांबी किती, तर अर्ध्या मीटरच्या आसपास. चंद्रावर गुरुत्व सहावा हिस्सा, तिथं बुलेटप्रूफ जॅकेटातल्या केवलारसारख्या आजच्या धाग्यांवर जमेल, म्हणून शिडी आधी तिथंच बांधावी असं माझं ठाम मत. पृथ्वीवरच्या दोरासाठी वीज थांबवून ठेवणं मला पटत नाही.

दाद्या म्हणाला, 2024 मध्ये नासानेच सांगितलं की ही वीज जमिनीवरच्या हरित विजेच्या 12 ते 80 पट महाग पडेल. बरोबर आहे, पण त्यात मोठा वाटा सामान वर न्यायचाच, आणि रॉकेट परत वापरायला लागल्यापासून तो भाव उतरतोय. म्हणून प्रयोग चालूच राहिले पाहिजेत, बंद करू नयेत.

पक्याला वेगळीच काळजी, खाली माणसं, जनावरं भाजणार का? त्या आराखड्यात किरणाच्या मध्यावरसुद्धा भर दुपारच्या उन्हाच्या पाव हिस्साच तीव्रता होती. आणि खालचा अँटेना म्हणजे जाळी, ऊन बरंचसं खाली येतं, खाली पीकही घेता येईल असा विचार तेव्हाच झाला होता.

"केवढी जाळी?"

10 बाय 13 किलोमीटर.

"म्हणजे आमच्यासकट कितीतरी गावांची शिवारं," पक्या म्हणाला, "एवढ्या जमिनीवर सही कोण देणार ते आधी सांग." याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.