पाच वडांचे शहाणपण

वैशाखात पाहुण्यांना उद्यान दाखवायला नेऊ नये, हे मला कळते. परंतु मुंबईहून आलेल्या मामेसासऱ्यांना नकार देण्याइतका मान जावयाला अधिकमासातही मिळत नाही. शिवाय दोष माझाच होता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उन्हाळा कसा तो जाणवतच नाही, असे गेली वीस वर्षे मुंबईच्या घामाची टिंगल करीत मीच त्यांना सांगत आलो होतो. त्यामुळे मे महिन्यात दुपारी चार वाजता फाटक उघडताच आत शिरणारे आम्ही चौघेच आहोत, हे पाहूनही तक्रार करायला मला तोंड नव्हते.

उद्यान विस्तीर्ण आणि आखीव होते. आखीव उद्यानात समोर दिसणाऱ्या झाडाकडे जाणारी वाट आधी त्या झाडाकडे पाठ फिरवते, एका कृत्रिम टेकडीला वळसा घालते, कोरड्या कारंज्याची विचारपूस करते आणि मग नाइलाजाने झाडापाशी येते. वीस पावलांवरच्या बहाव्यासाठी आम्ही दोनशे पावले चाललो, कारण मधल्या हिरवळीवर पाऊल ठेवण्यास मनाई होती. तिच्यावर मात्र दोन साळुंक्या बिनदिक्कत चालत होत्या.

बहावा खरोखर पाहण्यासारखा होता. पिवळ्याधमक घोसांनी तो नखशिखान्त लगडला होता, आणि पाने म्हणाल तर शपथेला पुरतील एवढीच. त्याच्याखाली उभे राहिल्यावर या ऋतूचा कावा माझ्या ध्यानात आला. ज्या झाडाला फुले आहेत त्याला सावली नाही, आणि ज्याला सावली आहे त्याच्याकडे पाहायला कोणी मुंबईहून येत नाही. वनवासात प्रभू रामचंद्रांनी पर्णकुटीसाठी पाच वडांची पंचवटी निवडली, पाच बहाव्यांची नव्हे. माझी पत्नी आणि मामी याच परंपरेतल्या असल्याने फाटकाजवळच्या वडाखाली चिवड्याचा डबा उघडून केव्हाच स्थिरावल्या होत्या.

मामांचे तसे नव्हते. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस येतो, असे लोक मानतात, हे त्यांनी मला सांगितले. दीड महिना येथेच थांबण्याचा त्यांचा विचार असावा, अशी शंका मला चाटून गेली. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, हे जांभळ्या तुऱ्यांपुढे उभे राहून झाले. बोगनवेलीचा रंग फुलांचा नसून पानांचा असतो आणि खरे फूल आत इवलेसे, पांढरट असते, हे एक पान उलगडून झाले. मोगल आमदनीत या शहराला गुलशनाबाद म्हणत, हे सांगताना ते सिमेंटच्या बाकावर टेकले आणि टेकले त्याहून लवकर उठले. इतिहासाचा तो भाग तेथेच संपला.

शेवटी गुलमोहर आला. हे झाड मूळचे मादागास्करचे, एवढे बोलून सत्तरीचे मामा एकाएकी गप्प झाले, वाकले आणि खाली पडलेली फुले टोपीत वेचू लागले. एका फुलाची पांढऱ्यावर लाल शिंतोडे असलेली पाकळी त्यांनी तोंडात टाकली, आंबट तोंड केले आणि एक पुंकेसर खुडून माझ्यापुढे धरला.

"जावईबापू, कोंबडे खेळलात ना लहानपणी?"

दोघांच्या पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची. ज्याचे डोके तुटेल तो हरला. मी ओढण्याचा केवळ देखावा केला. माझ्या कोंबड्याचे तपकिरी डोके टपकन तुटून धुळीत पडले, तसा मी रुमालाने मान पुसत सुटकेच्या आनंदाने म्हणालो, "मामा, तुम्ही जिंकलात. चला आता, त्या दोघी वाट पाहत असतील."

"एका डावात का काही ठरते?" मामा म्हणाले. गुलमोहराच्या फुलात दहा पुंकेसर असतात, आणि मामांच्या टोपीत सात फुले होती.