मुखपृष्ठावरची बाई आणि मुखपृष्ठ काढणारी

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणताना आबालाल रहमान, बाबूराव पेंटर ही नावे ओठांवर येतात. बाईचे नाव सहसा येत नाही. हे बोलून दाखवले की गावाकडून ठरलेले उत्तर मिळते: आता चित्रकलेच्या वर्गांत मुली भरपूर आहेत, आणि चित्र बाईने काढले की पुरुषाने, हे कागद विचारत नाही. लंडनमध्ये पुस्तकांची चित्रे काढून चरितार्थ चालवणाऱ्या मला यातला दुसरा भाग पटत नाही, कारण काम कागद देत नाही, माणसे देतात.

कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेल्या म. वि. धुरंधरांनी ऑटो रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी चित्रे काढली. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली, तरी आपण त्यांना ओळखतो ते बहुधा वडिलांच्या नावानेच. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर बाई पिढ्यान्‌पिढ्या विराजमान आहे. दलाल, मुळगावकरांपासून तिला रंगवणारे मात्र बहुतेक पुरुष. मुखपृष्ठाचे काम छापखान्यातल्या आणि चहाच्या टेबलावरच्या ओळखीतून ठरते, आणि मुलींच्या वाट्याला बालगोष्टींची चित्रे येतात, तीही कमी मानधनात.

इकडे सारे आलबेल आहे, असे मुळीच नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या १७६८ च्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या. पूर्ण सदस्यत्व मिळालेली त्यानंतरची स्त्री, लॉरा नाइट, आली ती थेट १९३६ मध्ये. (दार उघडले की पुढचे आपोआप होते, असे मानणाऱ्यांनी हे अंतर मोजावे.) फ्रान्समधल्या अँगुलेम चित्रकथा महोत्सवाने २०१६ साली सर्वोच्च सन्मानासाठी ३० नावे जाहीर केली, त्यांत एकही स्त्री नव्हती, नामांकितांपैकी अनेकांनी माघार घेतली, तेव्हा आयोजकांना यादी बदलण्याची बुद्धी झाली.

तरीही इथे मला एक आधार आहे. १९७३ पासून चित्रकारांची एक संघटना सभासदांना दर आणि करार यांबाबत सल्ला देते, त्यामुळे समोरच्याने सांगितलेली रक्कम वाजवी आहे का, हे विचारायला जागा असते. कोल्हापुरात दर दबक्या आवाजात ठरतात, दुरुस्त्यांना अंत नसतो आणि चित्रकाराचे नाव कधी छापले जाते, कधी राहून जाते. रक्कम, दुरुस्त्यांची संख्या आणि नाव छापण्याची अट आधीच लेखी ठरली, तर त्याचा लाभ मुलांनाही होईल. पण ‘तुला कुठं घर चालवायचंय?’ असे म्हणून पैसे कमी केले जातात ते आज मुलींचेच.