आमच्या क्लिनिकवरच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की वडिलांना अटॅक येऊन तीन आठवडे झाले, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २८ टक्के, तरी निपाणीच्या आमच्या क्लिनिकनं शॉकचं मशीन बसवायला नकार दिला. दुसरीकडे मात्र ‘उद्याच बसवू’ म्हणाले. वर दोन तास ताटकळत ठेवलं. बाजारादिवशी खेड्यापाड्यातून गर्दी होते, दोन तास जातात. वडिलांची फाइल मी इथं उघडणार नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आमचं म्हणणं ‘आत्ता नको’ असं होतं. हे मशीन, म्हणजे आयसीडी, पंपिंग वाढवत नाही. धाप, पायाची सूज यांना त्याचा उपयोग नाही. ठोके अचानक जीवघेणे बेताल झाले तर ते शॉक देऊन ताळ्यावर आणतं, एवढंच. म्हणून बघायचं असतं ते हे, की या माणसाला धोका ठोक्यांचा जास्त की बाकी कशाचा. नुसत्या पंपिंगच्या आकड्यावरून ते कळत नाही.

अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर अजिबातच नाही. २००४ मध्ये ‘डायनामिट’ नावाचा अभ्यास छापून आला (नाव मी ठेवलेलं नाही). अटॅक येऊन ६ ते ४० दिवस झालेले, पंपिंग ३५ किंवा त्याखाली असलेले ६७४ रुग्ण. जवळपास निम्म्यांना मशीन बसवलं. ठोके बिघडून मशीनवाल्यांत १२ जण गेले, बिनमशीनवाल्यांत २९. इथवर वाचलं की कुणीही म्हणेल, बसवाच. पण इतर कारणांनी मशीनवाल्यांत ५० गेले, दुसरीकडे २९. बेरीज करून बघा.

अटॅक जुना झाला की हिशेब बदलतो. २००२ च्या ‘मॅडिट-टू’ या अभ्यासात पंपिंग ३० किंवा कमी असलेले १,२३२ जण होते, बहुतेकांचा अटॅक सहा महिन्यांहून जुना. तिथं बिनमशीनवाल्यांत १९.८ टक्के गेले, मशीनवाल्यांत १४.२. म्हणून अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर तीन महिने थांबतात. तेवढ्यात गोळ्यांनी बऱ्याच जणांचं पंपिंग ३५ च्या वर येतं आणि मशीनचा विषयच मिटतो. नाही आलं, आणि किडनी वगैरे बरी असून माणसाच्या हातात वर्षं असतील, तर मी स्वतः ‘बसवा’ म्हणतो.

तुमच्या गल्लीतल्या एकांना लगेच बसवलं असंही तुम्ही लिहिलंय, त्यांच्याबद्दल मला बोलता येणार नाही. पण अटॅकचे पहिले दोन दिवस उलटल्यावर कुणाचं हृदय बंद पडून शॉकनं परत सुरू केलेलं असेल, तर तिथं असं थांबत नाहीत.

‘पैसे नसतील म्हणून टाळलं’ हे तुमचं वाक्य मात्र लागलं. मशीन लाखांत जातं. बसवण्यातच आमची कमाई होती.

मुदत झाली की नवा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू. जुना रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. गोळ्या मधेच सोडू नका. आणि मध्ये कधी धडधडून चक्कर आली, शुद्ध हरपली, तर तारीख बघत बसू नका. बेळगाव, कोल्हापूर, जे जवळ पडेल तिथल्या इमर्जन्सीत तडक न्या.